डावीकडचं

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं शहरातली बस चालवली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाला साधा ओरखडाही काढला नाही. डेपोत एक फळा होता. त्यावर प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे त्या वर्षातले अपघात लिहिलेले असत. बाबांच्या नावापुढे कायम शून्य. म्हणून डेपोतली मंडळी त्यांना शून्यराव म्हणायची. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की असलं शून्य मिळवायला उभं आयुष्य जावं लागतं. सगळे हसले, बाबाही हसले.

आईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, त्या शून्यात मीही आले. बाबा सकाळच्या पाळीला असले की आम्ही उठायच्या आत गेलेले असत, आणि उशिराच्या पाळीला असले की दुपारपर्यंत झोपलेले. सुट्टीत लोक फिरायला निघत म्हणून जादा गाड्या सुटत, आणि जादा गाडीवर हमखास बाबा. आमच्या सहलींच्या फोटोंत आई आहे, मी आहे, मावशी आहे. बाबा एकाही फोटोत नाहीत. बाजारातून येताना आई कधी कधी मुद्दाम दोन बस सोडून त्यांची बस धरायची, रीतसर तिकीट काढायची आणि पुढच्या बाकावर बसायची. बोलायची मात्र नाही. ड्रायव्हरशी बोलू नये अशी तिथे पाटी होती.

निवृत्त झालो की चाकांवरचं घर घेऊन निघू, असं बाबा तिला वर्षानुवर्षं सांगत आले होते. तसे ते बोलून विसरणारे नव्हतेच. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांनी सहा दिवसांसाठी एक मोटारहोम भाड्याने ठरवलं; तिसऱ्या दिवशी एका तळ्याकाठी पोचायचं होतं. माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही. म्हणून आई, बाबा, मी आणि माझी सात वर्षांची मुलगी ठकी असं चौघांनी जायचं ठरलं.

पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली, पण ती इथेच सांगायला हवी.

गाडी ठरवल्यावर पंधरा-वीस दिवसांनी बाबा चष्म्याचा नंबर बदलायला गेले. आई बरोबर होती. डॉक्टरांनी त्यांना एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मध्ये बराच वेळ एकही दिवा लागला नाही. यंत्र बंद पडलं असं समजून बाबांनी तसं सांगितलंही. यंत्र चालूच होतं.

काचबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याच्याही कडा जायला लागलेल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते टिकवायला थेंब घालायचे. मग विचारलं, गाडी चालवता का? बाबा म्हणाले, निवृत्त झालोय. बाई म्हणाल्या, उत्तम, यापुढे चालवूही नका.

परतताना बाबा म्हणाले की आता ते मोटारहोम रद्द करून टाकू. बसस्टॉपवर आईने विचारलं, "समोरचं दिसतं ना?"

"समोरचं दिसतं."

"आणि उजवीकडचं?"

"बरंचसं."

"मग डावीकडचं मी सांगेन."

बाबांनी ते हसण्यावारी नेलं. चालत्या बसमध्ये ज्याने कधी खिशातला फोन बाहेर काढला नाही, असा तो माणूस. पण पुढचे तीन दिवस आई गप्प राहिली. जेवायला वाढायची, डोळ्यात थेंब घालायची, आणि गप्प. "भांडली असती तर मी ऐकलं नसतं," बाबा मला नंतर म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच तिला सांगितलं, ठीक आहे, जाऊ. मला मात्र दोघांनी काही सांगायचं नाही असं ठरलं. मी नाही म्हटलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लहानसहान फरकच बघत असते. तरी बाबांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागतो, चहा ओतताना कपाच्या डावीकडे सांडतो, हे बघूनही मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

आम्ही निघालो तो दिवस छान होता. गाडीवाल्याने तासभर सगळं समजावून दिलं. गॅसची तोटी कशी बंद करायची, निघण्याआधी प्रत्येक कपाटाची खिट्टी कशी लावायची, नाहीतर पहिल्याच वळणावर ताटल्या अंगावर येतील. चांगल्या पाण्याची टाकी वेगळी, सांडपाण्याची वेगळी. ठकीने प्रत्येक कपाट उघडून बघितलं आणि मागचा, डाव्या खिडकीलगतचा पलंग आपला म्हणून जाहीर केला. टेबल खाली पाडलं की त्याचाच माझा पलंग व्हायचा. आई पुढे बसली, बाबांच्या डावीकडे, आणि गाडी सुरू झाल्यापासून तिची जी टकळी सुरू झाली ती थांबेचना.

"सायकल. खांब. भिंत, पण लांब आहे. ट्रक उभा आहे. आता मोकळं."

ठकीला वाटलं हा खेळ आहे. तीही मागून ओरडायला लागली, घोडा, बाक, काका. आईने वळून तिला इतक्या तीक्ष्ण आवाजात गप्प केलं की मला राग आला. मी म्हटलं, आई, एकतीस वर्षं बस चालवलीय त्यांनी, त्यांना खांब काय दाखवतेस? बाबा जरा जास्तच मोठ्याने हसले. म्हणाले, असू दे गं, आयुष्यभर पाटी होती म्हणून गप्प बसली, आता बोलू दे तिला.

खोटं कशाला सांगू, ते दिवस चांगले गेले. आजही मला सगळ्यात जास्त तेच सलतं. संध्याकाळी त्या इवल्याशा टेबलाशी चौघं बसलो की गुडघ्याला गुडघे लागायचे. बाबा भांडी घासायचे आणि आई पायरीवर बसून त्यांना कामं सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दोघं बाहेर घडीच्या खुर्च्यांवर बसून एका कपातला चहा पीत होते. दुसरा कप कुठल्या कपाटात ठेवलाय ते सापडत नव्हतं म्हणे. माझ्या लग्नातही आई इतकी खुलली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी एका लांब सरळ रस्त्यावर कडेची पांढरी रेघ नव्याने रंगवण्याचं काम चाललं होतं. मी मागे सफरचंद कापत होते. आई फोड घ्यायला माझ्याकडे वळली. दोन सेकंद, फार तर तीन. मला डाव्या खिडकीतून नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस मागे उडी मारताना दिसला. त्याची बादली उलटली आणि ठकीच्या खिडकीवर पांढऱ्या रंगाचा फराटा उठला. बाबा थांबले नाहीत. पुढे बऱ्याच अंतरावर, एका मोकळ्या जागेत त्यांनी गाडी बाजूला घेतली, फडकं ओलं केलं आणि ती काच घासत बसले. रंग निघाला तरी घासतच होते. मी म्हटलं, ही माणसं काम करताना बघतच नाहीत.

मग दोघं गाडीच्या मागे जाऊन बराच वेळ बोलत उभे राहिले. मी ठकीला म्हटलं, आजीआजोबांना एकांत हवाय, आणि आम्ही दोघी हसलो. नंतर कळलं, तिथे बाबा आईला सांगत होते, बास झालं, इथून फोन करून गाडी न्यायला माणूस बोलावू. आई म्हणत होती, तळं उद्यावर आलंय. फक्त उद्याचा दिवस. मी आता मान वळवणार नाही.

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी तिने मान वळवली नाही. मी पुढे बसू का, असं विचारलं तर मागे मळमळतं म्हणाली. पाण्याची बाटलीसुद्धा तिने समोर बघतच घेतली.

तळं काही खास नव्हतं. कडेला शेवाळ, मध्ये दोन बदकं आणि एक गंजलेली होडी. गाड्या उभ्या करायची जागा झाडांखाली होती. पोचल्यावर बाबा खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेले. आता कळतं, तीन दिवस तसा ताण घेऊन ते किती दमले असतील. आई शेजारी बसून तळ्याकडे बघत होती. तिथून गाडी चालवत परत फिरायचं नाही, गाडीवाल्याचा माणूस बोलवायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. बाबांना चक्कर येते असं मला सांगायचं होतं. म्हणजे ते सगळं तिथेच संपणार होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सांडपाण्याची टाकी भरल्याचा लाल दिवा लागला. ती रिकामी करायची मोरी गाड्या उभ्या करायच्या जागेच्या टोकाला होती. गाडी तीस फूट मागे घ्यायची, बाकी काही नाही. मी कॅन घेऊन ठकीबरोबर नळावर गेले होते. मागचं दाखवणारा कॅमेरा धुळीने माखला होता, म्हणून आई मागे उभं राहून सांगायला खाली उतरली.

बस मागे घेताना शेपूट एकीकडे वळलं की तोंड दुसरीकडे बाहेर येतं. बाबांनी हे किती तरी नव्या ड्रायव्हरांना शिकवलं होतं. मागे बघतोस तेवढंच पुढच्या कोपऱ्याकडे बघ, असं ते सांगायचे. ते मागे बघत होते, उजव्या आरशात. आई मागून थोडं थोडं असं ओरडत होती. मग तिला दिसलं की वरची फांदी छताला लागणार आहे. ते सांगायला ती डाव्या बाजूने, गाडी आणि दगडी काठ यांच्या मधून, पुढे यायला निघाली. त्याच वेळी बाबांनी स्टिअरिंग फिरवलं आणि पुढचं तोंड डावीकडे बाहेर आलं.

किंकाळी मला ऐकू आली नाही. इंजिन बंद झालेलं ऐकू आलं, आणि मग बाबांचा आवाज. "अगं?" एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारावी तसा.

मी धावले. आईचा डावा पाय चाक आणि दगड यांच्यामध्ये होता. ती पूर्ण शुद्धीवर होती आणि मला म्हणत होती, ठकीला इकडे आणू नकोस. मी पट्टा काढून तिच्या मांडीला आवळला. पण गाडी पायावरून काढायची तर पुन्हा बाबांनाच ती चालवावी लागणार होती. मला गाडी येत नाही आणि दुसरं कोणी जवळ नव्हतं. ते परत चढले. मी डावीकडे उभी राहून हात हलवत होते आणि त्यांना मी दिसतच नव्हते. मान पूर्ण वळवून, जवळजवळ सीटवरून उठून, त्यांनी मला शोधलं. मला ते विचित्र वाटलं, पण त्याचा विचार करायला तेव्हा उसंत नव्हती. ठकी कॅन धरून नळाशीच उभी होती. पाणी भरून वाहत होतं तरी तिने नळ बंद केला नव्हता.

रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली.

इस्पितळात पोलीस आला आणि त्याने विचारलं. आई गुंगीत होती, तरी तिने स्पष्ट सांगितलं, पाय घसरला माझा, यांचा काही दोष नाही. पोलिसाने बाबांकडे बघितलं. बाबांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पोलिसाने तेवढं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचे रिपोर्ट मी मागून घेतले. तसले आकडे मी रोज बघते, त्यांच्याखाली सही करते. पोटॅशियम फार चढलं होतं, म्हणजे चिरडलेल्या पायातलं विष रक्तात उतरत होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन काय सांगणार, हे त्यांनी तोंड उघडायच्या आत मला कळलं होतं. दुपारी गुडघ्याखालून पाय काढला.

शस्त्रक्रिया चालू असताना बाबांनी मला सगळं सांगितलं. आम्ही लांबलचक कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. ते माझ्या उजवीकडे बसले होते आणि माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत एकेक सांगत गेले. यंत्र बंद पडलं असं वाटल्यापासून ते त्या रंगाऱ्यापर्यंत. त्यांनी स्वतःची बाजू घेतली नाही, रडलेही नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत बसले.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी ती बोलले.

"ठकी मागे झोपलेली असायची, बाबा. डाव्या खिडकीशी."

ते म्हणाले, "हो."

तेवढंच. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, हात जोडले असते, काहीही केलं असतं तरी मला चाललं असतं. मी उठून बेसिनशी गेले आणि लॅबमध्ये धुते तसे कोपरापर्यंत हात धूत राहिले.

आईला बोलण्याइतकं बरं वाटायला चार दिवस लागले. मी थांबायला हवं होतं. पण मी त्याच दिवशी तिला विचारलं की तू हे कसं करू दिलंस. ती म्हणाली, करू दिलं नाही, मीच करायला लावलं, त्यांना कशाला बोलतेस? मी त्या रंगाऱ्याचं काढलं. ती म्हणाली, त्याला काही झालं नाही ना? मी ठकीचं काढलं. तेव्हा ती पायाच्या जागी चपट्या पडलेल्या पांघरुणाकडे बघत राहिली.

"मला एकदा त्यांच्याबरोबर जायचं होतं," ती म्हणाली. "ते जागे असताना."

मला त्या वेळी तिची कीव आली नाही. खरं तेच सांगते. मला वाटलं, एवढ्यासाठी? आणि मी ते बोलूनही गेले. तिने तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात बाबा एकटेच पोलीस ठाण्यात गेले आणि त्यांनी खरा जबाब दिला. डोळ्यांचे कागद दाखवले, परवाना टेबलावर ठेवला. आपल्याला शिक्षा होईल असं त्यांना वाटत होतं. मला वाटतं, त्यांना ती हवी होती. तिथल्या अधिकाऱ्याने परवाना ठेवून घेतला, कागद वाचले आणि म्हणाला, जखमी बाईंची तक्रार नाही, जागा खाजगी, आता तुम्ही घरी जा काका, बायकोकडे बघा. त्याने चांगुलपणानेच सांगितलं असणार. बाबा परत आले ते आणखी खचून.

आणि आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं ते त्या दिवसापासून. पाय गेला म्हणून नव्हे. मला म्हणाली, "मी खोटं बोलले ते निदान एक तरी काही शाबूत राहावं म्हणून. यांना मन हलकं करायचं होतं. पाय माझा गेला, आणि हलके हे होऊन आले. आता तूही गेलीस." मी म्हटलं, मी कुठे गेले, मी आहे ना इथे.

ती बरोबर बोलत होती. मी दर रविवारी जाते, औषधं भरून ठेवते, चादरी बदलते, तिचे रिपोर्ट बघते. ठकीला सुरुवातीचे तीन महिने नेलंच नाही. नंतर नेलं, तेव्हा बाबा म्हणाले, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तिला चालत घेऊन जाऊ का? मी म्हटलं, नको. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कधीच नाही. ठकी त्यांच्या मांडीवर बसते, मला तेवढंही बघवत नाही, आणि बघवत नाही याची लाज वाटते. एकाच घरात दोघं माझ्यामार्फत बोलतात. बाबांना विचार, थेंब घातले का. आईला विचार, खिडकी लावू का. मी घरी नसते तेव्हा ते कसं करतात, मला माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही.

गेल्या महिन्यात आईला कृत्रिम पाय बसवला. ती जागा म्हणजे लांब खोली होती, एका बाजूला आरसा आणि मधे दोन समांतर दांड्या. पाय बसवणारा तरुण मोठा उत्साही होता. त्याने पट्टे बांधले, आईला उभं केलं, दांड्या धरायला लावल्या आणि बाबांना म्हणाला, काका, तुम्ही पलीकडच्या टोकाला उभे राहा, समोर आपलं माणूस असलं की पाऊल पटकन उचलतं.

बाबा जाऊन उभे राहिले. त्यांनी हात थोडे पुढे केले. उजव्या डोळ्याचंही आता बरंच गेलंय, पण समोरचं अजून दिसतं. आई समोरच होती.

ती जागची हलली नाही. त्या तरुणाने दोनदा सांगितलं, चला आजी, पहिलं पाऊल. ती दांड्या घट्ट धरून तशीच उभी राहिली. शेवटी म्हणाली, "मुलीला उभं करा तिथे."

तरुणाने माझ्याकडे बघितलं. बाबा बाजूला झाले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या जागी गेले. आईने चार पावलं टाकली. प्रत्येक पावलाला तिचं तोंड वेदनेनं वाकडं होत होतं, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागच्या आरशाकडे बघत होती. चार पावलांनंतर तिला खुर्ची लागली. तरुणाने टाळ्या वाजवल्या आणि पहिल्या दिवशी एवढं कोणी चालत नाही म्हणाला.

घरी आल्यावर तिने पट्टे सोडून पाय भिंतीला टेकवून ठेवला आणि ती आडवी झाली. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. चहा टाकू का, त्यांनी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. मला उत्तर देता आलं असतं, तिच्या वतीने. मीही दिलं नाही. थोडा वेळ ते तसेच उभे होते, मग आत गेले. आतून पातेलं ठेवल्याचा आवाज आला. चहा तयार होईपर्यंत मी थांबले नाही. ठकीला शाळेतून आणायची वेळ झाली होती.